गोरा कोण? भगतसिंग थिंद खटल्याचा अभ्यास

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका विचित्र प्रश्नाचं उत्तर दिलं. अपील न्यायालयाने तो प्रश्न लेखी पाठवला होता: पंजाबात अमृतसरला जन्मलेला, पूर्ण भारतीय रक्ताचा, उच्च जातीचा हिंदू हा नागरिकत्वाच्या कायद्यानुसार 'गोरी व्यक्ती' ठरतो का? न्यायालयाने एकमताने सांगितलं, नाही ठरत.

ज्यांच्यामुळे हा प्रश्न उभा राहिला ते भगतसिंग थिंद धर्माने शीख होते. (क्रांतिकारक भगतसिंगांशी त्यांचा संबंध नाही, ते तेव्हा पंधरा वर्षांचे होते.) अमेरिकेत त्या काळी भारतातून आलेल्या कुणालाही सरसकट 'हिंदू' म्हणत, मग तो शीख असो की मुसलमान.

वंश समाजाने घडवलेला असतो, हे वाक्य आज समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतं आणि वाचणारा मान डोलावून पुढे जातो. तो घडतो कसा, कुणाच्या हातून आणि कोणत्या कागदावर, हे मात्र क्वचितच दिसतं. या खटल्यात ते दिसतं. तारखा आहेत, सह्या आहेत, दोन्ही बाजूंचं म्हणणं नोंदलेलं आहे आणि निकालानंतर ज्यांची घरं गेली ती माणसंही आहेत. मला स्वतःला निकालापेक्षा जास्त अस्वस्थ करतो तो थिंद यांच्या बाजूने केलेला युक्तिवाद. पण त्याआधी कायदा काय होता ते पाहू.

१७९० चा कायदा

अमेरिका स्वतंत्र झाल्यावर १७९० मध्ये तिथल्या काँग्रेसने परदेशातून आलेल्यांना नागरिकत्व देण्याचा पहिला कायदा केला. तो हक्क फक्त 'मुक्त गोऱ्या व्यक्तीं'ना मिळणार होता. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. बाकी जग मधल्या मध्ये राहिलं. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेल्या मुलांना राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीने नागरिकत्व मिळत असे, पण बाहेरून आलेल्या चिनी, जपानी, अरब, आर्मेनियन किंवा भारतीय माणसाला ते हवं असेल तर दोनच वाटा होत्या. एकतर आपण गोरे आहोत हे सिद्ध करायचं, नाहीतर आफ्रिकी वंशाचे आहोत हे.

१८७८ ते १९५२ या काळात या मुद्द्यावर नोंदले गेलेले खटले ५२. एखादा अपवाद सोडला तर प्रत्येक अर्जदार 'मी गोरा आहे' असंच म्हणत आला. आफ्रिकी वंशाचा दावा कुणी करत नव्हतं, कारण कागदावरचं नागरिकत्व मिळालं तरी काळ्या माणसाला रोजच्या आयुष्यात काय वाट्याला येतं हे सगळे पाहत होते. कायद्याने दारं दोन ठेवली होती, आणि त्यातल्या एका दारातून आत गेल्यावर काय होतं हे नव्याने आलेल्यालाही आठवड्याभरात कळत असे.

गोरा म्हणजे कोण, याची व्याख्या कायद्यात नव्हती, त्यामुळे ती न्यायाधीशांवर आली आणि त्यांनी मनाला येईल ती फूटपट्टी वापरली. १८७८ मध्ये चिनी अर्जदार नाकारला गेला. १९०९ मध्ये आर्मेनियन गोरे ठरले. सीरियातून आलेले लोक जॉर्जियातल्या न्यायालयात गोरे ठरले, साउथ कॅरोलायनातल्या न्यायालयात नाही, आणि १९१५ मध्ये अपिलात पुन्हा गोरे झाले. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांना १९१० मध्ये अपील न्यायालयाने गोरं मानलं. १९१३ मध्ये वॉशिंग्टन राज्यात अक्षयकुमार मजुमदार यांना नागरिकत्व मिळालं. १९१७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका न्यायालयाने मात्र एका शीख अर्जदाराला नकार दिला. म्हणजे एकाच देशात, एकाच कायद्याखाली, अर्ज कोणत्या गावच्या कचेरीत पडला यावर माणसाचा वंश ठरत होता. वंश शरीरात असता तर हे शक्य झालं नसतं.

गणवेशातला नागरिक

थिंद यांचा जन्म १८९२ चा, अमृतसर जिल्ह्यातल्या तारागढ तलावा या गावातला. १९१३ मध्ये ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले आणि ओरेगॉन राज्यात लाकूड कापायच्या गिरण्यांत काम करू लागले. या गिरण्यांमध्ये पंजाबी मजूर बरेच होते. कमी मजुरीवर राबतात म्हणून मालकांना ते हवे होते आणि त्याच कारणाने गोऱ्या मजुरांना नको होते. ४ सप्टेंबर १९०७ रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात गोऱ्या जमावाने भारतीय मजुरांच्या खोल्यांवर हल्ला करून त्यांना मारहाण केली आणि काही दिवसांत त्या सगळ्यांना गाव सोडायला लावलं. मजुरीचा झगडा होता. त्याला भाषा मिळाली ती रंगाची. ओरेगॉनमधल्याच अ‍ॅस्टोरियात १९१३ मध्ये ब्रिटिश राज्याविरुद्धच्या गदर चळवळीची पायाभरणी झाली, आणि थिंद यांचा तिच्याशी संबंध आला. पुढे सरकारने त्यांच्याविरुद्ध हा मुद्दाही वापरला.

पहिल्या महायुद्धात, जुलै १९१८ मध्ये, थिंद अमेरिकी लष्करात दाखल झाले. पगडी ठेवून अमेरिकी सैन्यात सेवा करणारे ते पहिले शीख मानले जातात. वॉशिंग्टन राज्यातल्या कॅम्प लुईसमध्ये ते कार्यकारी सार्जंट झाले. ९ डिसेंबर १९१८ रोजी लष्करी गणवेशातच त्यांना नागरिकत्वाचं प्रमाणपत्र मिळालं. चार दिवसांनी ते रद्द झालं. कारण हेच: तुम्ही गोरे नाही. त्यानंतर तीनच दिवसांनी लष्कराने त्यांना सन्मानपूर्वक निवृत्त केलं आणि कागदावर वर्तणुकीचा शेरा लिहिला, 'उत्कृष्ट'.

१९१९ मध्ये त्यांनी ओरेगॉनमध्ये पुन्हा अर्ज केला. तिथले जिल्हा न्यायाधीश चार्ल्स वोल्व्हर्टन यांनी गदर चळवळीबद्दलचे आक्षेप ऐकले, लष्करी सेवेचे कागद पाहिले आणि नोव्हेंबर १९२० मध्ये नागरिकत्व दिलं. सरकार अपिलात गेलं. अपील न्यायालयाने निकाल न देता प्रश्न वर पाठवला.

तीन महिन्यांत बदललेली फूटपट्टी

थिंद यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात उभा राहण्याच्या काही आठवडे आधी, १३ नोव्हेंबर १९२२ रोजी, त्याच न्यायालयाने ताकाओ ओझावा यांचा निकाल दिला होता. ओझावा जपानमध्ये जन्मले, तरुणपणी कॅलिफोर्नियात आले, तिथे शिकले आणि हवाईत स्थायिक झाले. घरात इंग्रजी बोलत, मुलं अमेरिकी शाळेत. त्यांचं म्हणणं सरळ होतं: कायदा गोऱ्या कातडीबद्दल बोलतो आणि अनेक जपानी माणसांची कातडी युरोपातल्या कित्येकांपेक्षा उजळ आहे.

न्यायमूर्ती जॉर्ज सदरलंड यांनी निकाल लिहिला. कातडीचा रंग ही कसोटी होऊच शकत नाही, कारण एकाच वंशात रंगाच्या असंख्य छटा असतात, असं त्यांनी म्हटलं. गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि जपानी कॉकेशियन नाहीत. प्रकरण संपलं.

कॉकेशियन या कल्पनेमागे शास्त्र उभं आहे असं तेव्हा मानत. ती रूढ केली जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ योहान ब्लुमेनबाख यांनी, १७९५ मध्ये. मानवजातीचे पाच प्रकार मांडताना त्यांनी युरोपीय गटाला कॉकेशस पर्वतावरून नाव दिलं, कारण त्यांच्या संग्रहातली कॉकेशसमधल्या जॉर्जिया देशातल्या एका स्त्रीची कवटी त्यांना सर्वांत सुंदर वाटली आणि मानवाचं मूळ त्याच प्रदेशात असावं असं त्यांना वाटे. हे प्रकार एकमेकांत इतके मिसळलेले आहेत की त्यांच्यात स्पष्ट सीमा घालता येत नाही, असंही त्यांनीच लिहून ठेवलं होतं. पुढच्या शतकाने सीमा तेवढ्या उचलल्या आणि ही कबुली सोडून दिली.

थिंद यांच्या वकिलांना ओझावा निकाल म्हणजे आयती चावीच वाटली असणार. गोरा म्हणजे कॉकेशियन, हे न्यायालयानेच सांगितलं. त्या काळचे मानववंशशास्त्रज्ञ उत्तर भारतीयांना कॉकेशियन गटातच धरत. मग थिंद गोरे ठरतात, दुसरं काय? तीन महिन्यांनी त्याच न्यायमूर्ती सदरलंड यांनी दुसरा निकाल लिहिला. आता शास्त्र बाजूला पडलं. कायद्यातले शब्द हे सामान्य माणसाच्या बोलीतले शब्द आहेत, म्हणून त्यांचा अर्थही सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे लावायचा. सोनेरी केसांचा स्कँडिनेव्हियन आणि तपकिरी हिंदू यांचा पुरातन काळी एकच पूर्वज असेलही, पण आज त्यांच्यात खोल फरक आहे हे साध्या माणसाला पक्कं ठाऊक आहे, असं निकालात लिहिलं आहे. शास्त्रज्ञांच्या व्याख्येत तर पॉलिनेशियातले आणि आफ्रिकेतले काही लोकही बसतात, मग अशी व्याख्या काय कामाची, असाही सूर आहे.

जपानी माणसाने कातडी दाखवली तेव्हा न्यायालयाने शास्त्राकडे बोट दाखवलं, आणि पंजाबी माणसाने शास्त्र दाखवलं तेव्हा लोकसमजुतीकडे. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले की कळतं: कोणाला बाहेर ठेवायचं हे आधी ठरलेलं होतं, कारण मागाहून शोधलं गेलं.

सामान्य माणसाची समजूत आली कुठून?

सामान्य माणूस नावाचा जो साक्षीदार न्यायालयाने बोलावला, त्याची समजूत १३० वर्षांच्या कायद्यानेच तयार केली होती. १७९० पासून नागरिकत्व गोऱ्यांनाच मिळत गेलं, म्हणून आसपास दिसणारा नागरिक गोरा होता, म्हणून साध्या माणसाला नागरिक म्हणजे गोरा असंच वाटे. मग न्यायालय त्या समजुतीकडे पुरावा म्हणून पाहतं.

निकालात आणखी एक मुद्दा येतो. सुरुवातीला ब्रिटन आणि वायव्य युरोपातून लोक आले. नंतर दक्षिण आणि पूर्व युरोपातून सावळे, काळ्या डोळ्यांचे लोक आले, आणि तेही आधीच्यांत सहज मिसळून गेले, म्हणून ते गोरे. भारतीयांची मुलं मात्र वेगळी दिसतच राहतील. इथे न्यायालय नकळत कबूल करतं की गोरेपणाची हद्द आधीही सरकलेली आहे. आणि मिसळण्याचं म्हणाल तर त्या वेळी अनेक राज्यांत गोऱ्यांनी इतर वंशांत लग्न करणं हाच गुन्हा होता. कॅलिफोर्नियाच्या इंपिरियल खोऱ्यातल्या पंजाबी शेतकऱ्यांना गोऱ्या स्त्रियांशी लग्नाचा परवाना मिळत नसे. मेक्सिकन स्त्रियांशी मिळे, कारण परवाना देणाऱ्या कारकुनाला दोघंही एकाच रंगाची दिसत. तिथे शेकडो पंजाबी-मेक्सिकन कुटुंबं झाली. आधी मिसळायला बंदी घालायची आणि मग हे मिसळत नाहीत म्हणून त्यांना परकं ठरवायचं, असा हा घाणा फिरत होता.

वंशाची ताकद इथे आहे असं मला वाटतं. ती जनुकांत शोधून सापडत नाही. १९७२ मध्ये जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी दाखवलं की माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत असतो. तथाकथित वंशांमधला वाटा ६ टक्क्यांच्या आसपास. पण कायदा, जमीन, लग्न आणि मजुरी या चार ठिकाणी एकदा वंश कोरला की तो डोळ्यांना खरोखर दिसू लागतो. कोण कुठल्या वस्तीत राहतो, कुणाची मुलं कुठल्या शाळेत जातात, कोण मालक आणि कोण मजूर, हे सगळं दिसतं. बघणारा म्हणतो, पाहा, फरक आहेच की.

वकिलाचा युक्तिवाद आणि जात

थिंद यांच्या वकिलांत सखाराम गणेश पंडित होते. त्यांना स्वतःला १९१४ मध्ये कॅलिफोर्नियात नागरिकत्व मिळालं होतं आणि ते तिथे वकिली करत होते. थिंद यांच्या वतीने मांडलेलं म्हणणं थोडक्यात असं: आर्यांनी भारत जिंकला, पंजाब हे त्यांचं घर, उच्च जातींनी लग्नाच्या कडक नियमांनी आपलं रक्त शुद्ध ठेवलं. पुढे तर असंही लिहिलं गेलं की अमेरिकन माणूस लग्नसंबंधांच्या बाबतीत निग्रोकडे जसा पाहतो, तसाच उच्च जातीचा हिंदू भारतातल्या मूळ मंगोलवर्णी रहिवाशाकडे पाहतो.

या वाक्यातली मागणी अशी होती की आम्हाला आत घ्या, कारण आम्हीही तुमच्यासारखेच कुणालातरी बाहेर ठेवतो. जातीची घृणा इथे गोरेपणाचा दाखला म्हणून सादर झाली. आणि कुणाच्या वतीने? जातिभेद नाकारणाऱ्या गुरूंच्या शिकवणीवर उभ्या असलेल्या धर्मातल्या एका माणसाच्या वतीने, जो गिरणीत लाकडं वाहून जगत होता.

वकिलाची बाजू समजून घ्यायला हवी. कायद्यात दारंच दोन होती आणि कायदाच चुकीचा आहे असं म्हणून खटला जिंकता आला नसता. पंडित यांना जिंकायचं होतं. त्यांच्या मागे साठ-सत्तर भारतीयांचं नागरिकत्व पणाला होतं, त्यांचं स्वतःचंही. हे सगळं मान्य करूनही त्या वाक्याची जबाबदारी उरते. ते वाक्य अमेरिकेने त्यांच्या तोंडात घातलं नव्हतं. ते त्यांनी घरून आणलं होतं.

न्यायालयाने या युक्तिवादाला दिलेलं उत्तर बोचरं आहे. आर्य हा भाषेचा विषय आहे, शरीराचा नाही, असं निकाल म्हणतो, आणि हे बरोबरच आहे. पुढे म्हणतो की जातीचे नियम कितीही कडक असले तरी भारतात रक्ताची सरमिसळ झालेलीच आहे, त्यामुळे शुद्धतेचा दावा टिकत नाही. शुद्ध रक्ताची कल्पना न्यायालयाने भारतीयांसाठी खोडून काढली आणि स्वतःच्या समाजासाठी जशीच्या तशी ठेवली.

थिंद अमेरिकेत पोहोचले त्याच १९१३ सालात दुसऱ्या किनाऱ्यावर, न्यूयॉर्कला, भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१६ मध्ये तिथल्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी जातींवरचा निबंध वाचला. जात टिकते ती जातीच्या आतच होणाऱ्या लग्नांमुळे, आणि युरोपीय अभ्यासकांनी तिच्यात रंगाला अवास्तव महत्त्व दिलं, अशी त्यांची मांडणी होती. पुढे लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि होऊ न शकलेल्या १९३६ च्या भाषणात त्यांनी हे आणखी स्पष्ट केलं: पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे आहेत, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परया एकाच वंशाचे. जात ही वंशाची विभागणी नाही. एकाच वंशाच्या लोकांची सामाजिक विभागणी आहे.

थिंद यांच्या बाजूचा युक्तिवाद आणि आंबेडकरांची मांडणी या एकाच काळातल्या, एकाच परक्या देशाशी जोडलेल्या दोन भारतीय वाटा आहेत. एकीने उतरंड मान्य करून तिच्यात वरची जागा मागितली. दुसरीने उतरंडीचा पायाच तपासला. आंबेडकर जिला श्रेणीबद्ध विषमता म्हणत, ती टिकून राहण्याचं कारण त्यांनी सांगितलं होतं: प्रत्येकाच्या खाली कुणीतरी असतं, म्हणून पूर्ण उतरंड मोडावी असं फार थोड्यांना वाटतं. एका समाजातून दुसऱ्या समाजात गेल्यावरही वंशवाद जिवंत कसा राहतो, याचं याहून नेमकं स्पष्टीकरण माझ्या वाचनात नाही.

निकालानंतर

निकालात एक ओळ अशी आहे की श्रेष्ठ-कनिष्ठ असं सुचवण्याचा आमचा यत्किंचितही हेतू नाही, आम्ही फक्त फरक सांगतो आहोत. तो फक्त फरक लगेच कामाला लागला. आधी नागरिकत्व मिळालेल्या भारतीयांवर सरकारने खटले भरले आणि पुढच्या काही वर्षांत ६० हून अधिक जणांचं नागरिकत्व काढून घेतलं. कॅलिफोर्नियात १९१३ पासून कायदा होता: ज्यांना नागरिकत्व मिळूच शकत नाही अशा परदेशी लोकांना शेतजमीन विकत घेता येणार नाही. १९२० मध्ये तो आणखी कडक झाला होता. थिंद निकालानंतर भारतीय त्या वर्गात जाऊन पडले. पंजाबी शेतकरी मग जमीन अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या किंवा भरवशाच्या गोऱ्या माणसाच्या नावावर ठेवू लागले.

सॅन फ्रान्सिस्कोत वैष्णोदास बगाई यांचं दुकान होतं. मूळचे पेशावरचे, १९१५ मध्ये पत्नी कला आणि तीन मुलांसह आले. बर्कलीत त्यांनी घर घेतलं तेव्हा शेजाऱ्यांनी घराला कुलूप ठोकून त्यांना आत जाऊ दिलं नाही. १९२१ मध्ये ते नागरिक झाले. थिंद निकालानंतर ते नागरिकत्व गेलं, मालमत्ता गेली, आणि भारतात नातेवाइकांना भेटायला जायचं तर ब्रिटिश पासपोर्ट घ्या असं त्यांना सांगण्यात आलं. ज्या ब्रिटिश राज्याला विरोध म्हणून त्यांनी देश सोडला होता, त्याचाच पासपोर्ट. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या पत्रात त्यांनी विचारलं होतं की मी स्वतःचं आणि मुलांचं काय करून ठेवलं. इकडून अडथळे, तिकडून नाकेबंदी आणि मागचे पूल जळालेले. कला बगाई यांनी मुलं वाढवली, शिकवली. आज बर्कलीत एका रस्त्याला त्यांचं नाव आहे.

पंडित यांचं नागरिकत्वही काढून घेण्याचा खटला उभा राहिला. त्यांची पत्नी लिलियन गोरी अमेरिकन होती. १९२२ च्या केबल कायद्यानुसार, नागरिकत्वाला अपात्र परदेशी माणसाची बायको असलेल्या अमेरिकी स्त्रीचं नागरिकत्वही जाऊ शकत होतं. या वेळी पंडित यांनी आर्यरक्ताचा मुद्दा टेकू म्हणून घेतला नाही. १९१४ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, सरकारने तेव्हा अपील केलं नाही, त्या निकालावर विसंबून मी धंदा उभारला, घर घेतलं, लग्न केलं. आता तोच प्रश्न पुन्हा उकरता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२६ मध्ये अपील न्यायालयात ते जिंकले, १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची बाजू ऐकायलाही नकार दिला आणि उरलेले बरेचसे खटले सरकारने सोडून दिले. रक्ताच्या शुद्धतेने जे वाचवलं नाही ते एका साध्या न्यायतत्त्वाने वाचवलं. या प्रकरणाच्या बहुतेक वर्णनांत हा भाग दोन ओळींत उरकतात. मला तो मुख्य वाटतो.

कायदा बदलला, पण कशामुळे?

१९३५ मध्ये महायुद्धातल्या माजी सैनिकांसाठी वेगळा कायदा झाला आणि १९३६ मध्ये थिंद यांना न्यूयॉर्कमध्ये तिसऱ्यांदा नागरिकत्व मिळालं. या वेळी ते टिकलं. त्यांचा रंग, रक्त, पूर्वज, सगळं होतं तेच होतं. पुढे ते अध्यात्मावर व्याख्यानं देत राहिले आणि १९६७ मध्ये वारले. ओझावा मात्र १९३६ मध्येच वारले, नागरिक न होता.

चीन युद्धात मित्रदेश झाला तेव्हा १९४३ मध्ये चिन्यांवरची बंदी उठली. भारत स्वतंत्र होणार हे दिसू लागलं तेव्हा, जुलै १९४६ मध्ये, भारतीयांना नागरिकत्व खुलं झालं. त्याबरोबर वर्षाला १०० जणांना येण्याची परवानगी. वंशाची अट पूर्णपणे गेली १९५२ मध्ये. कोणत्याही प्रयोगशाळेत नवा शोध लागला म्हणून यातलं काही झालं नाही. परराष्ट्र धोरण बदललं, तसे वंश बदलले. जनगणनेतही तेच दिसतं: १९३० मध्ये भारतीयांसाठी 'हिंदू' असा वंशाचा रकाना होता, १९७० मध्ये त्यांची गणना गोऱ्यांत झाली, आणि भारतीय संघटनांनी मागणी केल्यावर १९८० मध्ये 'आशियाई भारतीय' असा वेगळा रकाना आला. अल्पसंख्याकांसाठीच्या संरक्षणाचा लाभ तेव्हा गोरेपणापेक्षा मोलाचा वाटू लागला होता.

हे अमेरिकेपुरतं नाही. दक्षिण आफ्रिकेने १९५० मध्ये प्रत्येक नागरिकाचा वंश नोंदवण्याचा कायदा केला. त्यात गोरा कोण? जो दिसायला उघडपणे गोरा आहे किंवा ज्याला लोक सर्वसाधारणपणे गोरा मानतात तो. सदरलंड यांचा सामान्य माणूस इथे थेट कायद्याच्या कलमात येऊन बसला. १९६६ मध्ये या कायद्याखाली गोऱ्या आईवडिलांच्या दहा वर्षांच्या मुलीला तिच्या कातडीवरून आणि केसांवरून 'रंगीत', म्हणजे मिश्र वंशाची, ठरवून शाळेतून काढलं गेलं. पुढच्या वर्षी कायद्यात वंशावळीला महत्त्व आलं आणि तीच मुलगी पुन्हा गोरी झाली. तो कायदा १९९१ मध्ये रद्द झाला. पण त्या चाळीस वर्षांत कुणाला कुठे घर मिळालं आणि कुणाची मुलं कुठे शिकली, ते काही रद्द झालं नाही.

आणि जात? २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिअ‍ॅटल शहराच्या परिषदेने भेदभावविरोधी कायद्यात जातीचा समावेश केला. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. प्रस्ताव मांडला पुण्यात जन्मलेल्या क्षमा सावंत यांनी. नोकरीत, भाड्याच्या घरात, मित्रमंडळींत जात विचारली जाते, असं दलित रहिवाशांनी परिषदेपुढे सांगितलं. विरोध करणाऱ्यांतही भारतीय वंशाचे लोक मोठ्या संख्येने होते. या कायद्याने आमच्या समाजाकडेच संशयाने पाहिलं जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसाच कायदा मंजूर केला, पण ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी तो परत पाठवला. आधीच्या कायद्यांत हे संरक्षण आहेच, असं कारण त्यांनी दिलं.

ज्यांच्या आजोबा-पणजोबांना गोऱ्यांच्या देशात जमीन घेता येत नव्हती त्यांचा संशय समजण्यासारखा आहे. आपल्याकडे बोट दाखवलं जाण्याची भीती खरी आहे, तिला इतिहास आहे. पण ज्या बाईने परिषदेपुढे उभं राहून सांगितलं की जात कळल्यावर सहकाऱ्यांचं वागणं बदललं, तिच्याही मागे इतिहास आहे, आणि त्यातला एक कागद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात थिंद यांच्याच बाजूने दाखल झालेला आहे. सिअ‍ॅटलमध्ये १९२३ चा खटला दोन्ही बाजूंना आठवायला हवा होता. भारतीयांवर झालेला अन्याय म्हणून तो आठवला जातो. त्याच्या फाइलमधलं ते वाक्य, लग्नसंबंधांबद्दलचं, फारसं कुणी वाचत नाही.